खापरपणजोबांची फ्री ट्रायल

परवा दुपारी जरा डोळा लागत होता तेवढ्यात मोबाइल वाजला. पूर्वज शोधून देणाऱ्या एका वेबसाइटचा ईमेल. तुमचे पूर्वज विश्वंभर यांच्याबद्दल नवी नोंद सापडली आहे, अभिनंदन वगैरे. खाली एक मुद्दाम धुरकट केलेला कागद, त्यावर कुलपाचं चित्र, आणि कुलूप उघडायचं तर वर्षाची वर्गणी. झोप उडाली. वर्गणीमुळे नाही हां, वर्गणी मी कधी भरली नाही आणि भरणारही नाही. झोप उडाली कारण विश्वंभर हे माझे खापरपणजोबा आणि ते जन्मालाच आलेले नाहीत. मला पक्कं माहितीये. त्यांना मीच काढलंय, चौथीत असताना, हिरव्या स्केचपेनने.

सांगतो, पण आधी वर्गणीचं. पूर्वज शोधायचा नाद एकदा लागला की माणूस खर्चाच्या बाबतीत दोनच प्रकारचा होतो, एक बिनधास्त कार्ड घासणारा आणि दुसरा माझ्यासारखा, जो चौदा दिवसांची फ्री ट्रायल घेतो, तेराव्या दिवशीचा अलार्म लावतो आणि मधल्या तेरा दिवसांत दोनशे वर्षं उरकायच्या मागे लागतो. ऑफिसला रजा टाकून मी हे केलंय. धुरकट कागद मोठा करून, स्क्रीन तिरकी करून, डोळे बारीक करून आडनावाचं पहिलं अक्षर तरी दिसतं का बघितलंय. नाही दिसत. पण यादी फुकट दाखवतात आणि कागदाला पैसे मागतात, तेव्हा यादीतलं नाव नि साल उचलायचं आणि तोच कागद दुसरीकडे कुठे उघडा पडलाय का ते शोधायचं, हा माझा आवडता उद्योग. कधीकधी सापडतो. सापडला की जो आनंद होतो तो पूर्वज मिळाल्याचा कमी आणि पैसे वाचल्याचा जास्त असतो, उगाच खोटं कशाला बोलू.

आणि अगदीच फुकट असं एक मोठं घबाड आहेच, फॅमिलीसर्च. मॉर्मन चर्च नावाच्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाची संस्था, 1894 साली सुरू झालेली. ह्या लोकांनी 1938 पासून देशोदेशीच्या नोंदींचे मायक्रोफिल्मवर फोटो काढले, मूळ रिळं सॉल्ट लेक सिटीजवळ एका ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खणून ठेवली आणि 2021 मध्ये 24 लाखांच्या आसपास रिळं कॉम्प्युटरवर चढवून झाली. खातं उघडायचं, बास. काही कागद मात्र घरून दिसत नाहीत, त्यांच्या केंद्रात नाहीतर त्यांच्याशी जोडलेल्या लायब्ररीत जाऊन बघावे लागतात, तिथे मी दिवसदिवस बसू शकतो. डोंगर पोखरून लोकांची आजी-आजोबा जपून ठेवायची ही कल्पना मला फार आवडते. आमच्या घरी पत्र्याची एक ट्रंक होती आणि तिची किल्लीसुद्धा सापडत नव्हती.

अर्थात लिहून ठेवलं म्हणजे उरतंच असं काही नाही. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेचे कागद 1921 च्या आगीत काही जळाले, बरेच खराब झाले, आणि उरलेले पुढे सरकारनेच नष्ट केले, म्हणजे जवळपास सगळे गेले. इंग्लंड-वेल्सचं तर अजून वाईट. तिथे जनगणनेचे नावनिशीवार कागद शंभर वर्षं बंद ठेवतात आणि मग खुले करतात, 1921 ची 2022 ला खुली झाली, लोकांनी उड्या मारल्या, आणि आता पुढची कधी? तर 1931 ची 1942 मध्ये आगीत जळाली, 1941 ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणजे थेट 1951 ची, ती 2052 ला. तिथल्या हौशी लोकांनी तोवर काय करायचं? तब्येत सांभाळायची.

आमच्याकडे आग लागली नाही. आमच्याकडे मी होतो.

चौथीत बाईंनी वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. चांगला मोठा कार्डशीट, खोड तपकिरी, पानं हिरवी, प्रत्येक पानात एक नाव. मी, बाबा, आजोबा, पणजोबा इथपर्यंत सगळं ठीक. पण झाड मी उत्साहात जरा उंच काढलं होतं आणि वर एक पान उरलं. रिकामं पान वाईट दिसत होतं. दुपारची वेळ, आजोबा आडवे झालेले, पेपर तोंडावर. मी जाऊन विचारलं, आजोबा, तुमच्या आजोबांचं नाव काय? पेपरखालून आवाज आला, "उद्या सांगतो." आता उद्या सकाळी तर शाळेत द्यायचं होतं. त्याच आठवड्यात शुद्धलेखनात "विश्वंभर" हा शब्द आला होता आणि अख्ख्या वर्गात माझा एकट्याचाच बरोबर आला होता. लिहून टाकला. पान सुंदर भरलं. दहापैकी दहा.

तो कार्डशीट परत आल्यावर आईने दाराच्या मागे लावला. पाहुणे आले की बघायचे, वा वा करायचे. आजोबांना तोवर दिसायला कमी झालं होतं, त्यांनी तो कधी नीट वाचला असेल असं मला वाटत नाही. पुढे काकांनी त्यावरून वहीत उतरवून घेतलं, छान अक्षरात, आणि एकदा वहीत आलं की मग काय, ते खरंच असतं.

पुढचं सगळं मला आत्ता तीनेक वर्षांपूर्वी कळलं, फ्री ट्रायलच्या नवव्या दिवशी. एका चुलत भावाने वंशवृक्ष इंटरनेटवर चढवलेला. विश्वंभर, जन्म अंदाजे 1861. हे 1861 कुठून आलं तर पणजोबांच्या सालातून पंचवीस वजा. दुसऱ्या कुणीतरी ते आपल्या झाडात कॉपी केलं, तिथे "अंदाजे" गळलं. तिसऱ्याने मृत्यू 1918 टाकलं, कारण बहुतेक साथीत गेले असतील म्हणून, आणि चौथ्याकडे "बहुतेक" पण गळलं. वंशवृक्ष एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायला जेडकॉम नावाची फाइल असते, 1984 पासून चालत आलेली, साधा मजकूर असतो आत, एका क्लिकवर अख्खं खानदान इकडचं तिकडे. त्यातून आमचे विश्वंभर पाच झाडांवर जाऊन बसले. मी आयुष्यभर अचूक पुरावा पुरावा करत फिरणारा माणूस, भावाला दहा वेळा सांगितलंय की सोर्स लिहीत जा रे. सोर्स मी.

बरं, त्यांना फोटोही आहे! तो ट्रंकेतला. आत्याने शेवटी कुलूप तोडून घेतलं तेव्हा त्यात एक ग्रुप फोटो निघाला, सतरा माणसं, दोन रांगा, सगळे रागावल्यासारखे. मागे झरणीने लिहिलेलं, "डावीकडून तिसरा मी. बाकी सगळे ओळखीचेच." कोण मी? अध्यात्मात हा प्रश्न पडायला लोकांना वर्षानुवर्षं साधना करावी लागते, आम्हाला तो ट्रंकेत तयार मिळाला. शिवाय कुठल्या रांगेतला तिसरा, बसलेल्यांतला की उभ्यांतला? डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या की त्यांच्या स्वतःच्या? मी चार उमेदवार काढले, कपडे, मिशा, हात कुठे ठेवलेत, सगळं तपासलं, मोबाइलवर स्कॅन करून नाकं शेजारी शेजारी लावून बघितली (फुकट ॲप, मधे मधे जाहिराती). काही निष्पन्न नाही. भावाने एवढा विचार केला नाही. त्याने उभ्यांतला तिसरा कापला आणि विश्वंभरांना चिकटवला. भारदस्त आहे म्हणाला. आहेही. मलासुद्धा आताशा विश्वंभर म्हटलं की तोच चेहरा दिसतो, आणि तो बिचारा जो कुणी आहे तो "ओळखीचेच" पैकी असणार, ज्याचं नाव लिहायची गरज कुणालाच वाटली नाही.

तर परवाचा तो ईमेल. नवी नोंद सापडली. दुसरा कुणी खरा विश्वंभर असणार, साल जुळलं असेल, मशीनने लावली सोयरीक. पण मी कुलपाकडे बराच वेळ बघत बसलो. एक क्षण, खरंच सांगतो, कार्ड काढलं होतं पाकिटातून.

परत ठेवलं आणि आत्याला फोन लावला. म्हटलं आता कबूल करून टाकावं, पाच झाडांवरून काढायला सांगावं. सगळं सांगितलं, कार्डशीट, शुद्धलेखन, हिरवं स्केचपेन. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, "राहू दे आता. एकसष्ट माणसं आहेत रे त्याच्यामागे, त्यांनी कुठे जायचं?" मी म्हटलं अगं पण खोटं आहे ते. तर ती म्हणाली, असू दे, स्वभावाने तर बरा वाटतो.

मग जरा वेळ ती काही बोललीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. आजोबा त्या दुपारनंतर सहा वर्षं होते. सहा वर्षं म्हणजे खूप दुपारी. पण पान भरलेलं होतं ना, मग विचारणार कोण, ना मी विचारलं, ना काकांनी, ना वही बघून आणखी कुणी.

"बरं," आत्या म्हणाली, "मग खरं नाव काय होतं त्यांचं?"

मी म्हटलं, उद्या सांगतो.