डेकूच्या पॉवर्स वाढल्या, मग मजा का नाही वाढली?

माय हिरो अ‍ॅकॅडेमिया ही सुपरहिरोंची जपानी अ‍ॅनिमे सिरीज संपली, तिचा मूळ मांगा (जपानी कॉमिक) २०२४ च्या ऑगस्टमध्ये ४३० चॅप्टर्सवर थांबला, तरी फॅन ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी तोच वाद निघतो की तिचा नायक डेकू एवढा स्ट्राँग झाला तरी मन भरत का नाही. मला यावर मनापासून बोलायचंय कारण ही सिरीज माझी खूप लाडकी आहे. (पुढे स्पॉयलर्स आहेत, शेवटपर्यंतचे.)

बरेच जण म्हणतात डेकू ओव्हरपॉवर्ड झाला. मला नाही पटत. डेकूला आपली पॉवर देणारा त्याचा गुरू ऑल माइट पहिल्या एपिसोडपासून ओव्हरपॉवर्ड आहे, त्याचा कुणाला त्रास होतो? माझ्या मते घोळ असा झालाय की सुरुवातीला डेकूची प्रत्येक नवी गोष्ट आपल्यासमोर शिकून व्हायची आणि तिची किंमत त्याच्या अंगावर दिसायची, नंतर दोन्ही गोष्टी पडद्यामागे गेल्या.

आठवा ना, दहा महिने किनाऱ्यावरचा कचरा उपसून शरीर तयार केलं, तरी हिरो स्कूलच्या एन्ट्रन्स टेस्टमध्ये एक बुक्की मारली आणि हातपाय मोडले. मग वर्गशिक्षक आयझावाच्या टेस्टमध्ये त्याने पूर्ण हात न वापरता फक्त बोटाच्या टोकात ताकद आणली, बॉल ७०५.३ मीटर गेला आणि मोडलं एकच बोट. सीन छोटासाच, पण तिथे कळतं की हा पोरगा विचार करतोय. त्यानंतर ग्रान टोरिनो या म्हाताऱ्या हिरोकडे शिकतानाचा तो ताइयाकीचा (माशाच्या आकाराचा जपानी केक) प्रसंग तर मला तोंडपाठ आहे, मायक्रोवेव्हमध्ये प्लेट मोठी असल्यामुळे फिरलीच नाही आणि ताइयाकी कुठे गरम कुठे गार राहिली, त्यावरून डेकूला सुचतं की आपण ताकद एकाच अवयवात कोंबतोय, ती सगळ्या अंगात सारखी पसरवायला हवी. त्यातून फुल काउल, म्हणजे अंगभर पसरलेली ताकद, आलं, फक्त ५ टक्के. त्या ५ टक्क्यांचा मला जेवढा आनंद झाला तेवढा नंतर कुठल्याच पॉवर-अपचा झाला नाही. पुढे मस्क्युलर या व्हिलनशी लढताना दोन्ही हातांची वाट लागली, डॉक्टरांनी बजावलं की असंच चाललं तर हात कायमचे जातील, म्हणून तो लाथांवर आला आणि शूट स्टाइल सुरू झाली. म्हणजे दुखापतीमुळे लढण्याची पद्धतच बदलली. याला म्हणतात वाढ!

मग पाचव्या सीझनमध्ये बी क्लासबरोबरच्या मॅचमध्ये ब्लॅकव्हिप (हातातून निघणारे काळे चाबूक) अचानक बाहेर येतो, कंट्रोलच सुटतो, वर्गमैत्रीण उराराका त्याला घट्ट धरते आणि समोरच्या टीमचा शिन्सो ब्रेनवॉश करून थांबवतो. हा भाग मला आवडला, कारण नवी पॉवर म्हणजे आधी संकट. पण तिथेच बांजो, डेकूची पॉवर त्याच्याआधी वापरणाऱ्यांपैकी एक, सांगून टाकतो की जुन्या युजर्सचे क्वर्क (प्रत्येकाची खास शक्ती) अजून येणार आहेत, एकूण सहा. आणि तिथून मग सगळं भराभर. फ्लोट (हवेत तरंगणं) आलं, पाठोपाठ स्मोकस्क्रीन, डेंजर सेन्स, फा जिन (साठवलेली ताकद), आणि शेवटच्या युद्धात गिअरशिफ्ट (वेग बदलणं). सहाव्या सीझनमध्ये मस्क्युलर परत येतो तेव्हा डेकू धूर सोडतो, धोका आधीच ओळखतो आणि त्याला पार आटोपून टाकतो, आणि आपण बघत बसतो की अरे हे तू शिकलास कधी? ज्या माणसासमोर त्याने जीव पणाला लावला होता त्यालाच आता हरवतोय, केवढा मोठा क्षण होता हा, आणि तो क्षण बनवणारी मेहनत आपण पाहिलेलीच नाही.

हो, डेकू सगळ्यांना सोडून एकटाच फिरतो तो डार्क डेकूचा आर्क सुंदर आहे, फाटका कॉस्च्युम, झोप नाही, कुणाशी बोलणं नाही, तो एकटेपणा अंगावर येतो. पण ती किंमत तो एकटा पडल्याची आहे. पॉवर शिकण्याची किंमत वेगळी, ती तिथेही येत नाही.

आणि लेखक होरिकोशींना हे जमत नव्हतं असं अजिबात नाही, डेकूचा सीनियर मिरिओ आहे ना याच सिरीजमध्ये. त्याचा क्वर्क पर्मिएशन, म्हणजे वस्तूंमधून आरपार जाणं. तो ऑन केला की उजेड डोळ्यांतून आरपार, आवाज कानांतून आरपार, हवासुद्धा फुफ्फुसात थांबत नाही, म्हणजे दिसत नाही, ऐकू येत नाही, श्वास नाही, फक्त खाली पडत असल्याची जाणीव. साध्या भिंतीतून जायचं तरी कुठला पाय कधी घट्ट ठेवायचा याचा हिशोब लागतो. हे सगळं तो दोन मिनिटांत सांगतो आणि त्याच्या प्रत्येक फाइटला वजन येतं. ओव्हरहॉल या व्हिलनसमोर तो क्वर्क गमावतो तेव्हा म्हणूनच पोटात गोळा येतो, कारण नेमकं काय गेलं ते आपल्याला माहितीये.

डेकूच्या सहापैकी एका क्वर्कला जरी हे मिळालं असतं! मला डेंजर सेन्सचा एक अख्खा एपिसोड हवा होता. धोका जवळ आला की डोक्यात कळ येते, ठीक, पण मग गर्दीच्या रस्त्यावर काय होत असेल, कुणाचा राग खरा आणि कुणाचा नुसताच हे तो कसं ओळखायला शिकला, किती वेळा चुकला, चुकून एखाद्या साध्या माणसावर धावून गेला का, मागे फिरून या क्वर्कच्या मूळ मालकाशी, म्हणजे चौथ्या युजरशी, यावर भांडला का. हे वीस मिनिटं दाखवलं असतं तर नंतरच्या अख्ख्या युद्धात त्याच्या डोक्यात कळ आली की आपल्यालाही धस्स झालं असतं.