बदक पडंना

दिवाळीच्या आधी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा माळा उतरवायचा, हा आईचा दरवर्षीचा हट्ट. मी माहेरी जाते ती जणू त्याच कामाला. गेल्या दिवाळीत उतरलेल्या ऐवजात आजोबांचा पटका, स्टोव्हच्या पिनांची डबी, दांडा तुटलेला सोऱ्या आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक पिस्तूल निघालं. काळं, चाप लाल, मागे लांब वायर. माझ्या भाच्यानं ते उचललं आणि सगळ्यात आधी आजीवर रोखलं.

"ठेव खाली मुडद्या, सणासुदीचं," आई म्हणाली.

पिस्तूल आमच्या व्हिडिओ गेमचं. १९९६ च्या दिवाळीत आबांनी लक्ष्मीपुरीतून बाराशे रुपयांना आणला होता. दादा सातवीत, मी चौथीत. खोक्यावर जपानी अक्षरं, आत चिनी माल आणि पावती मराठी. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेल्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची ती नक्कल आहे, हे मला फार पुढं कळलं. खुद्द निन्टेन्डोनं फॅमिकॉम बनवणं २००३ मध्ये थांबवलं. नक्कल करणाऱ्यांना ते कुणी कळवलं नसावं, कारण त्यानंतरही कितीतरी वर्षं जत्रेत तसली यंत्रं मिळत होती.

गोणपाटात यंत्रही होतं आणि पिवळी कॅसेट पण. कॅसेटवर लिहिलंय, '९९९९ इन १'. प्रत्यक्षात गेम सात. उरलेले नऊ हजार नऊशे ब्याण्णव म्हणजे तेच सात, नावं बदलून. कुठं मारिओ पहिल्या पातळीपासून सुरू होई, कुठं चौथ्या. कॉन्ट्रात कधी तीन जीव, कधी तीस. दादानं एका उन्हाळ्यात सगळे मोजायचा पण केला होता. चारशे तिसापर्यंत पोचला आणि लाईट गेली.

तर भाच्यानं पिवळी-पांढरी पिन नव्या टीव्हीला लावली. त्रेचाळीस इंची, भिंतीला टांगलेला. खटका ओढला आणि काय सांगू, इतकी वर्षं माळ्यावर पडलेलं यंत्र पहिल्या दमात सुरू झालं. डक हंट. तेच सूर, तेच हिरवं गवत, वास घेत चाललेला तोच कुत्रा. कुत्र्यानं गवतात उडी घेतली, बदक उडालं, भाच्यानं चाप ओढला. काही नाही. परत ओढला. बदक आरामात वर निघून गेलं आणि कुत्रा गवतातून डोकं काढून हसला.

"आत्या, मारायलोय की, पण बदाक पडंना झालंय!"

त्यानं पिस्तुलाची नळी टीव्हीच्या काचेला टेकवून बघितली. मीही बघितलं. लहानपणी आम्ही हीच लबाडी करायचो आणि ती हटकून चालायची. आता नळी थेट बदकाच्या पोटावर, आणि तरी बदक जिवंत.

रात्री बसून शोधलं तेव्हा गंमत कळली. हे पिस्तूल काही फेकत नाही. ते बघतं. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की यंत्र क्षणभर सगळा पडदा काळा करतं आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवतं. डोळ्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं, म्हणजे नेम बरोबर, बदक खाली. हे सगळं पापणी लवायच्या आत. जुना ढेरपोट्या टीव्ही चित्र आलं की त्याच क्षणी काचेवर ओढायचा, वरून खाली एकेक ओळ, सेकंदाला पन्नास वेळा. नवा टीव्ही तसा नाही. तो आलेलं चित्र आधी आत घेतो, नटवतो, मोठं करतो आणि मग पडद्यावर धाडतो. उशीर होतो तो सेकंदाच्या काही शतांश भागाचा. पण तोवर यंत्र विचारून मोकळं झालेलं असतं. मुलगी बघायला आलेली मंडळी उठून गेल्यावर पोह्यांच्या बश्या बाहेर आणाव्यात, तसं ते.

म्हणजे बिघडलेलं काहीच नाही. यंत्र चांगलं, कॅसेट चांगली, पिस्तूल चांगलं आणि टीव्ही तर कोराच. तरी बदक पडत नाही. माझ्या डोक्यातून ते जाईना.

भाच्याकडे स्वतःचं प्लेस्टेशन फाइव्ह आहे, म्हणजे हल्लीचं गेमचं यंत्र, डिस्कचा कप्पा नसलेलं. मी एकदा त्याला विचारलं, तुझे गेम कुठं ठेवतोस? तो म्हणाला, "अकाउंटमध्ये." मी बँकेत नोकरी करते, तेव्हा अकाउंटमध्ये असलेली वस्तू कुणाची, यावर एरवी अर्धा तास बोलू शकते. इथं गप्प बसले. कारण बँकेतले पैसे तरी आपले असतात. तिथं दाम मोजून घेतलेला गेम म्हणजे खेळायची परवानगी, एवढंच. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीनं त्याचे सर्व्हर, म्हणजे तो गेम चालवणारे लांबचे कॉम्प्युटर, बंद केले आणि एकट्यानं खेळणाऱ्यालाही तो बंद झाला. विकत घेतलेला, बरं का. त्यावरून युरोपात लोकांनी मोहीम उघडली, दहा लाखांवर सह्या झाल्या. गूगलनं तर स्टेडिया म्हणून अख्खं दुकानच काढलं होतं. यंत्र नकोच, गेम लांब आमच्या कॉम्प्युटरवर चालेल, तुम्ही घरी चित्र बघा. २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू, १८ जानेवारी २०२३ ला बंद. त्यांनी गेमसाठी घेतलेले पैसे परत केले, ते एक बरं केलं.

यंत्राचं पुढं काय होणार, असं लोक विचारतात तेव्हा उत्तर बहुधा हेच येतं, की यंत्रच राहणार नाही, सगळं आकाशातून येईल. येईल बापडं. पण कोल्हापुरात वळीव आला की आधी लाईट जाते, मग नेट जातं, आणि मग पाऊस पडतो. आकाशातून यायचं ते या क्रमानं येतं.

खरं म्हणजे मला जास्त मौज वाटते ती कॅसेटच्या नशिबाची. २०२४ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन फाइव्ह प्रो निघालं. त्यात डिस्कचा कप्पाच नाही, हवा तर वेगळे पैसे टाकून जोडून घ्या. ५ जून २०२५ ला निन्टेन्डोचं स्विच टू आलं. त्यात कॅसेट आहे. पण त्यातल्या काही कॅसेटींमध्ये गेमच नसतो! नुसती किल्ली असते. कॅसेट खोचायची, मग नेटवरून गेम उतरवून घ्यायचा, आणि खेळताना कॅसेट खोचलेलीच ठेवायची. आमच्या पिवळ्या कॅसेटनं नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव सांगून सात दिले. त्याला आम्ही फसवणूक म्हणत होतो. आता वाटतं, माणूस दिलदार होता.

आणि भाड्याचं म्हणाल, तर ते आम्हाला नवं नाही. गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात तासाला पाच रुपये देऊन गेम खेळायला मिळे. लग्नघरी रातभर व्हीसीआर आणि तीन सिनेमे भाड्यानं आणत. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये महिन्याच्या भाड्यावर शंभरावर गेम द्यायला सुरुवात केली तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं. फरक इतकाच, की दुकानदार काकांना "अजून दहा मिंटं काका" म्हणता यायचं. आणि ते द्यायचे.

भाच्याला यातलं काही टोचत नाही. त्याचं दुःख वेगळं. तो जन्मला २०१३ च्या सप्टेंबरात, आणि त्याच महिन्यात ग्रँड थेफ्ट ऑटो या गेमचा पाचवा भाग आला. सहावा अजून यायचाय. या मालिकेचे तीन मोठे भाग २००१, २००२ आणि २००४ असे पाठोपाठ आले होते. चार वर्षांत तीन. आता एका भागाला तेरा वर्षं. गेम इतके अवाढव्य झालेत, की हजारो माणसं वर्षानुवर्षं एकाच शहराच्या विटा रचत बसतात. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. मालिका मोठ्या माणसांसाठीची आहे, त्याला ती खेळायची परवानगी नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे. पण वाट बघायला कुठं परवानगी लागते? मी त्याला म्हटलं, अरे, आपण कोल्हापूरचे. काळम्मावाडी धरणाच्या पाण्याच्या थेट पाइपलाइनची वाट तुझ्या आजोबांनी बघितली, हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी चाळीस वर्षं काढली. दोन्ही आलं. हेही येईल. तोवर तुला मिसरूड फुटेल.

मिसरुडावरून आठवलं. मारिओला मिशी आहे ती हौसेची नाही. १९८१ मध्ये 'डाँकी काँग' गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी त्याला काढला तेव्हा पडद्यावर त्याच्या वाट्याला मोजके ठिपके होते. तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून नाकाखाली मिशी. केस काढायला जमत नव्हतं, म्हणून टोपी. आज त्याच्या मिशीचा एकेक केस वेगळा दाखवता येईल, पण मिशी काढायची कुणाची छाती नाही. आमच्या पेठेत मिशीला जो मान आहे, तो पाहता हे आम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

नाव मात्र जाऊ शकतं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा फुटबॉलचा गेम १९९३ पासून 'फिफा' या नावानं दरवर्षी येत होता. फिफाशी करार संपला आणि २०२३ पासून तोच गेम 'इए स्पोर्ट्स एफसी' झाला. आमच्या गल्लीतली पोरं अजून "फिफा लाव" असंच म्हणतात. इथं फुटबॉलचा शिरस्ता उलटा. दर हंगामाला खेळाडू इकडचे तिकडे होतात, कोण कुठं फुटला याच्या चहाच्या टपरीवर बातम्या होतात, पण पाटाकडील तालमीचा संघ तो पाटाकडीलचाच. शाहू स्टेडियमवर ओरडणारा माणूस नावासाठी ओरडतो, पायातल्या बुटांसाठी नाही. त्याच्या संघाचं नाव कुणी बदलून बघावं फक्त.

तालमीचं नाव निघालं म्हणून सांगते. पाडव्याच्या सकाळी भाचा धावत आला. आमच्या गल्लीच्या तालमीत कॅरमच्या मागं एक जुना एकवीस इंची टीव्ही पडून आहे, म्हणाला. कुठल्याशा निवडणुकीत चपटा टीव्ही मिळाल्यापासून त्याच्यावर ढोल ठेवलेला असतो. आम्ही यंत्र, कॅसेट, पिस्तूल पिशवीत घालून निघालो. पोरांनी ढोल उतरवला. टीव्हीला पोटात घेऊन दोघांनी खिडकीशी आणला. पाठीवर वस्त्रगाळ धूळ. लावल्यावर आधी नुसता आवाज आला, मग मधोमध एक ठिपका, मग हळूहळू गवत. रंग जरा उडालेले, कडेला जांभळं.

कुत्रा उडी मारून गेला. भाच्यानं दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं, एक डोळा मिटला. चाप. पडदा लखकन लवला आणि बदक जागीच थबकलं, गरगरत गवतात पडलं. पोरांनी जी आरोळी दिली ती स्टेडियममधलीच.

मग रांग लागली. लाल मातीत अंग घोळवून बसलेले वस्ताद उठून आले. सत्तरीचे असतील. "आण हिकडं," म्हणाले. पिस्तूल तळहातावर तोललं, वजन काही पटलेलं दिसलं नाही. नेम धरला. बदक गेलं. दुसरं गेलं. कुत्रा गवतातून वर आला आणि तोंडावर पंजा धरून हसला. वस्तादांनी शांतपणे पिस्तूल कुत्र्यावर वळवलं आणि चार वेळा चाप ओढला. कुत्रा हसतच होता.

"ह्याला गोळी लागती का न्हाई?"

"न्हाई वस्ताद," भाचा म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. अजून कुणाची लागली न्हाई."

वस्तादांनी पिस्तूल त्याच्या हातात दिलं नाही. पुढचं बदक उडेपर्यंत तसेच उभे राहिले.