भरल्या भांड्याशेजारी उपाशी

"मॅडम, मानमोडी शिरलीय आमच्या कोंबड्यांत. तीन गेल्या, आणखी दोन माना टाकून बसल्यात. व्यापारी दारात उभा हाय, देऊन टाकू का?"

भोर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीतून मावशींचा फोन होता. मी म्हटलं, विकू नका, कापूही नका, मी निघालेच. खरोखर मानमोडी, म्हणजे राणीखेत असती, तर ती पाखरं बाजारात गेल्यावर चार गावांत रोग गेला असता. आणि नसती, तर मावशींचा सगळा गट निम्म्या भावात गेला असता. दोन्हींतलं काय ते त्याच दिवशी ठरवायला हवं होतं.

खुराडं चांगलं होतं. विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढे जाळी, खाली तुसाचा थर. आत दोन वयांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली वाढीची पाखरं. थोरल्या आठ, घरच्याच खुडूक कोंबडीखाली निघालेल्या गावरान. पाच महिन्यांच्या झालेल्या, तुरे लाल झालेले, अंड्यावर यायच्या बेतात. धाकटा गट सरकारी योजनेतून आलेला, 25 माद्या आणि 3 नर, नऊ-दहा आठवड्यांचे. गट घरी आला त्याच रात्री शेजाऱ्यांच्या सल्ल्याने सगळ्यांना एकत्र कोंडलं होतं. त्याला आठवडा झाला होता.

धाकट्या पंख पाडून कोपऱ्यात बसल्या होत्या आणि खाली हिरवी पातळ विष्ठा होती. हिरवी विष्ठा दिसली की आपल्याकडे पहिलं नाव मानमोडीचं निघतं, आणि ते बरोबरही असतं पुष्कळदा. पण इथे कुणाची मान वाकडी नव्हती, पाय लुळा नव्हता, धाप नव्हती. मुख्य म्हणजे थोरल्या आठही ठणठणीत होत्या. धाकट्यांच्या कार्डावर लासोटा आणि आठव्या आठवड्याचा आर टू बी या राणीखेतीच्या, आणि गंबोरो रोगाची, अशा सगळ्या लसींची नोंद होती. थोरल्यांना आयुष्यात एकही लस मिळालेली नव्हती. राणीखेत लस दिलेल्यांना धरेल आणि शेजारच्या बिनलसीच्यांना सोडेल, हे मला पटेना.

हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला, खताची रिकामी गोणी पसरली आणि सकाळी मेलेली तलंग उघडली. छातीचं हाड बोटांना टोचत होतं, दोन्ही बाजूंचं मांस आटून गेलेलं. गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी, चपटी. पुढचं जठर स्वच्छ, राणीखेतीत दिसतात ते रक्ताचे ठिपके नाहीत. आतड्याच्या शेवटच्या दोन आंधळ्या पिशव्या चिरून पाहिल्या, तिथेही रक्त नाही, म्हणजे रक्ती हगवणही नाही. पेटारीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या जाड जठरात, दाणा नव्हता, फक्त तुसाचे कण आणि बारीक खडे. आणि पित्ताशय मात्र टम्म फुगून गडद हिरवं झालेलं. पोटात अन्नच गेलं नाही की पित्त साठत राहतं, आणि आतड्यात उतरतं ते विष्ठेला हिरवा रंग देतं. दुसरी उघडली, तिचीही तीच गत.

"मावशी, ह्या उपाशी मेल्यात."

त्यांचा चेहरा उतरला. "उपाशी? अवो, भांडं दोन्ही टायमाला भरती मी! बघा की, आत्ताबी अर्धं हाय."

भांडं खरंच अर्धं भरलेलं होतं. म्हणून मी त्यांना म्हटलं, आता दाणा टाका आणि माझ्याशेजारी गप्प बसा. ओट्यावर बसून दोघी पाहत राहिलो. दाणा पडताच थोरल्या धावल्या, भरभर टिपलं. पोट भरल्यावरही तिथून हलल्या नाहीत. एखादी धाकटी हातभर अंतरावर आली की टाळक्यात चोच. पाण्याचं भांडंही त्याच कोपऱ्यात होतं, तिथेही तेच. धाकट्या एकीमागे एक भिंतीला चिकटल्या आणि तूस उकरायला लागल्या. त्यांच्या पेटारीत तेच सापडलं होतं.

थोरल्यांची म्होरकी काळी होती, पण ती एकदा खाऊन निवांत बसली. सगळ्यात जास्त टोचत होती ती भुरी, जिला बाकीच्या सातही जणी हाकलत होत्या. आजवर तिच्याखाली कुणी नव्हतं. आता अठ्ठावीस जणी मिळाल्या होत्या. कोंबड्यांमधली ही उतरंड नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी 1922 साली शोधनिबंधात मांडली. लहानपणापासून त्यांनी कोंबड्या पाहिल्या होत्या. आपल्या आज्यांनाही ती ठाऊक असते, पण त्या उतरंडीपायी पाखरू उपाशी मरतं, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण जखम दिसत नाही.

रात्री अंधारात सोडलं की सकाळी ओळख झालेली असते, हा सल्ला मी गावोगाव ऐकते आणि मला तो मान्य नाही. रात्री कोंबडी गप्प बसते, एवढंच. उजाडल्यावर दार उघडेपर्यंतचा वेळ धाकट्यांना पळायला जागा नसते, आणि मार तेव्हाच बसतो.

व्यापाऱ्याला परत पाठवलं. मावशींच्या मुलाने परसातली जुनी जाळी आणली आणि खुराड्याचे दोन भाग केले, एकमेकींना बघता येईल पण टोचता येणार नाही असे. माना टाकलेल्या दोघींना घरात डालग्याखाली ठेवून गुळाचं पाणी थेंबथेंब पाजलं. टाळक्यावर जखमा होत्या त्यांना जांभळं औषध लावलं, कारण लाल रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. भुरीला काही दिवस वेगळं डालायला सांगितलं. परत आली की तिलाच नव्याने जागा शोधावी लागते.

खाद्याचंही बोलणं झालं. थोरल्या अंड्यावर येणार म्हणून मावशींनी लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्याचं, पोतं फोडलं होतं आणि तेच सगळ्यांना पडत होतं. त्यात कॅल्शियम साधारण साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतं. जास्तीचं तिच्या मूत्रपिंडावर येतं. म्हणून सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पाखरांचं खाद्य, आणि थोरल्यांच्या बाजूला शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, लागेल तेवढा त्या टिपतील.

खात्रीसाठी न उघडलेली तिसरी तलंग बर्फात घालून औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे धाडली आणि उत्तर येईपर्यंत एकही पाखरू वाडीबाहेर न्यायचं नाही, असं बजावलं. उत्तर आलं, राणीखेत नाही.

नंतर रोज थोडा वेळ दोन्ही गट अंगणात एकत्र सोडले, कारण अंगणात पळायला जागा असते. खाद्य-पाण्याची भांडी तीन ठिकाणी, एकापाशी उभं राहून दुसरं दिसू नये अशी. मुलाने एक युक्ती स्वतःच काढली. मोठ्या डालग्याच्या खालच्या दोन कामट्या अशा कापल्या की धाकटी आत शिरेल आणि थोरलीची छाती अडेल. आत दाणा. भुरी परतल्यावर डालग्याभोवती फेऱ्या मारायची आणि आत धाकट्या निवांत जेवायच्या.

डालग्याखालच्या दोघींतली एक वाचली. तिसऱ्या आठवड्यात जाळी काढली तेव्हा चोचाचोची झाली, पण कुणाची अन्नपिशवी रिकामी राहिली नाही. संध्याकाळी मावशी प्रत्येकीच्या गळ्याखाली बोट लावून बघतात, टरारलेली लागली की पुढची.