तुम्ही विचारलंत म्हणून: 'श्वास'मधल्या त्या सीनला मी का उठतो

परवा पुन्हा तेच झालं. सासुरवाडीला सगळे जमले होते, टीव्हीवर 'श्वास' लागला होता. आजोबा नातवाला, परश्याला, घेऊन दवाखान्यातून नाहीसे होतात, तिथवर सिनेमा आला आणि मी उठून गॅलरीत गेलो. मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापूंना बघवत नाही हो." त्यावर मेव्हणा म्हणाला, "छे, त्यांना रडूच येत नाही. मी बघितलंय."

दहा वर्षं हा प्रश्न मला लग्नात, बारशात, ऑफिसात डबा खाताना विचारला जातोय. ज्याच्या घरात परश्याचंच दुखणं, डोळ्याचा कॅन्सर, येऊन गेलं, त्याला त्या सीनला रडू कसं येत नाही? एका गृहस्थांनी तर "तुम्ही फार खंबीर" म्हणून पाठ थोपटली. मी खंबीर नाही आणि दगडही नाही. आजवर हसून वेळ मारून नेली, पण आता लेक नववीत आहे, तिच्यादेखत लोक विचारतात. म्हणून एकदा नीट सांगतो.

2004 साली मी 'श्वास' थेटरात बघितला तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं. ते वर्ष आठवत असेल तुम्हाला. 'श्यामची आई'नंतर 50 वर्षांनी मराठी सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, तोच सिनेमा भारतातर्फे ऑस्करला गेला, शाळेतल्या पोरांनीही त्यासाठी पैसे जमवले. आपल्या भाषेत असं काही झालंय यानंच ऊर भरून आला होता. नातवाचे दोन्ही डोळे काढल्याशिवाय त्याचा जीव वाचणार नाही, आणि तो कोकणातला म्हातारा पोराला घेऊन शहर दाखवायला निघतो. अरुण नलावडेंचा तो चेहरा. माझ्या शेजारचा अनोळखी माणूस हुंदके देत होता. मीही रडलो, भरपूर रडलो. बाहेर आलो तेव्हा हलकं वाटत होतं, जगातल्या सगळ्या माणसांवर माया आल्यासारखं. त्या हलकं वाटण्याशीच माझं भांडण आहे, पण ते पुढे सांगतो.

लेकीचं तुम्हाला माहीतच आहे, सगळं उगाळत नाही. परश्यासारखे दोन्ही नाही, तिचा एकच डोळा आजारी होता, उजवा. साडेतीन वर्षांची होती. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक बुबुळ लाल आणि एक पांढरं यायचं. "मांजरासारखा चमकतो गं डोळा," असं आमची आई कौतुकानं म्हणायची. आम्ही कॅमेऱ्याला दोष देत राहिलो. (कुणाच्या लहान मुलाच्या फोटोत असं दिसलं तर कृपा करून त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पंधरा ते वीस हजार जन्मांत एखाद्या मुलाला होणारा आजार आहे, बहुतेकांना पाच वर्षांच्या आत. लवकर सापडला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. आमच्याकडे डोळ्यासाठी उशीर झाला होता.)

पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन सोमवारी ठरलं. शुक्रवारी तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला बसवून घेतलं आणि एक कापडी बाहुली हातात दिली. तिचे डोळे म्हणजे दोन काळी बटणं. डावं शिवलेलं, उजवं वेल्क्रोनं चिकटवलेलं. ओढलं की चर्रकन निघायचं, खाली मऊ गुलाबी कापड दिसायचं, आणि वरून दुसरं बटण लावता यायचं. बाई म्हणाल्या, "मुलीला आधी सांगा. एवढंच सांगा, की हा डोळा आजारी आहे, तो काढणार, काही दिवसांनी बाहुलीसारखा नवा बसवणार. त्यानं दिसणार नाही, पण दुसऱ्यानं दिसेल. लहान आहे म्हणून लपवू नका." मी मान डोलावली, बाहुली पिशवीत घातली, वर टॉवेल ठेवला.

रविवारी सकाळी मी बायकोला म्हटलं, "आज हिला फिरवून आणू."

ती म्हणाली, "अहो, आज सांगायचंय तिला."

"फिरून आल्यावर सांगू."

कशामुळे सुचलं ते मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या रात्रभर तो सीनच डोळ्यांसमोर होता. आपणही असंच करायचं, मी ठरवून टाकलं होतं. सारसबागेत गेलो, तळ्यातल्या गणपतीला नेलं. पेशवे उद्यानात फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीत, बसवलं. फुगा, भेळ, गोळा. "हे बघ, ते बघ," असं दर दोन मिनिटांनी मी म्हणत होतो. पोर कंटाळली. रविवारची गर्दी, ऊन. तिला बागेतल्या नळाखाली हात धरायचे होते, बाकी कशात रस नव्हता. आणि मी तिला ओढत होतो, कारण दिवस वाया जात होता. शेवटी ती रस्त्यावर फतकल मारून रडायला लागली. तेव्हा बायको जे बोलली ते अजून कानात आहे. "तिचा डावा डोळा चांगला आहे. ती उद्याही बघणार आहे, परवाही बघणार आहे. तुम्ही हे कुणाला दाखवताय?"

रिक्षात ती झोपली. खोलीवर आल्यावर उठवून सांगणं जिवावर आलं. सकाळी सहाला तर उपाशीपोटी न्यायचंच होतं. नाही सांगितलं.

ऑपरेशननंतर डोळ्यावर घट्ट पट्टी होती. गुंगी उतरल्यावर तिनं हात लावला. "बाबा, पट्टी काढ ना." मी म्हटलं, "उद्या." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, ड्रेसिंग केलं. पापणी सुजून मिटलेली. "बाबा, हा उघडत नाहीये." मी म्हटलं, "उद्या उघडेल." हे असं चार दिवस. रोज सकाळी ती उठायची, डाव्या डोळ्यावर हात धरून बघायची आणि माझ्याकडे वळायची. चौथ्या दिवशी "उद्या" मी म्हणायच्या आधी तीच म्हणाली.

बायकोनं उठून पिशवीतून बाहुली काढली. दोन मिनिटं लागली असतील. लेकीनं बटण ओढलं, लावलं, पुन्हा ओढलं. विचारलं, "हिला दुखलं?" बायको म्हणाली, "थोडं. मग औषध दिलं." "बरं," म्हणाली आणि बाहुलीला पट्टी बांधायला घेतली.

त्यानंतर दोन महिने तिनं मला डोळ्यात औषध घालू दिलं नाही. जवळ गेलो की तोंड फिरवायची. "तू नको. तू उद्या म्हणतोस."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही आत्ताच कळेल.

पुढे तीन वर्षांनी 'श्वास' परत बघितला, एकट्यानं, मुद्दाम. आणि बसल्या जागी हादरलो. त्यात डॉक्टर हट्टच धरून बसतात, की ऑपरेशनआधी मुलाला कळलंच पाहिजे. ते सांगणं म्हाताऱ्याच्या जिभेवर येत नाही, आणि सिनेमा त्या न येण्यापाशी बराच वेळ थांबतो. सगळं तिथं होतं, पहिल्यापासून होतं. त्यातलं मला काहीच आठवत नव्हतं. तेरा वर्षं माझ्या डोक्यात फक्त शहरातला तो दिवस शिल्लक राहिला होता, कारण मी रडलो होतो तो तिथे.

मला त्या चोवीस वर्षांच्या पोराला विचारावंसं वाटतं, तू नेमका कशासाठी रडलास? परश्यासाठी, की आपण किती हळवे आहोत हे तुला कळलं म्हणून? पण हे विचारल्यावर लगेच वाटतं, त्याचं काय चुकलं? त्याच्यापुढे एक म्हातारा आणि एक पोर होतं, त्याला रडू आलं. खोटं रडला नाही तो. फुलराणीत लेकीला बसवणारा पस्तिशीतला माणूस वेगळा, त्यानं केलेल्याचा दोष मी सिनेमाच्या गळ्यात घालू शकत नाही. कधीकधी घालतो. म्हणून त्या सीनला उठतो. तिथे बसलो तर सगळ्यांबरोबर मलाही रडू येईल, चांगलं मोकळं रडू येईल, हे मला माहीत आहे, आणि ते मला नको आहे.

मग कुठे रडता, असंही विचाराल. आजोबा काहीतरी सांगायला तोंड उघडतात आणि भलतंच बोलतात, तिथे. त्या वेळी तुम्ही सगळे सीन बघत असता, म्हणून माझ्याकडे लक्ष जात नाही.

बायकोचं मत आजही वेगळं आहे. ती म्हणते, सांगायला हवं होतं हे खरं, पण फिरायला नेलं ते वाईट नव्हतं, तुम्ही दोन्हींची उगाच गाठ मारता. लेकीला ते चार दिवस आठवत नाहीत, निदान ती तसं म्हणते. तिनं फुलराणीतला त्या रविवारचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. दिवसाउजेडी काढलेला, बिनफ्लॅशचा. त्यात बुबुळं दोन्ही काळी आहेत, आणि ती माझ्याकडे न बघता नळाकडे बघतेय. मी एकदा तो काढून ठेवायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे बाबा, माझा आहे तो."