प्रथिन जास्त झालं की पत्ता का चुकतो?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचा आहे: "आमचं प्रथिन मायटोकॉन्ड्रियातलं. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून हेला (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींत घातलं, तर पेशीभर हिरवं पसरलंय. क्लोनिंग (जनुकांची जोडणी) चुकलं का?"

क्लोनिंग आधी तपासाच. मायटोकॉन्ड्रियाच्या आत जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांचा पत्ता, म्हणजे पेशीत कुठे जायचं ते सांगणारा तुकडा, एन-टोकाला (सुरुवातीच्या टोकाला) असतो. जीएफपी त्याच टोकाला बसवलं असेल तर पत्ता झाकला जातो. ते सी-टोकाला (शेवटच्या टोकाला) हलवा. टोक बरोबर असूनही हिरवं पसरत असेल, तर बहुधा प्रमाण बिघडलंय. सीएमव्ही प्रमोटर (जनुक जोरात चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा) इतकं प्रथिन बनवून घेतो की आत नेणाऱ्या टॉम संकुलाला ते झेपत नाही, आणि उरलेलं पेशीद्रवात साठतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्ट्या पाहण्याच्या पद्धतीत) हे कळतं. आत गेल्यावर पत्त्याचा तुकडा कापला जातो, त्यामुळे बाहेर राहिलेल्या प्रथिनाची पट्टी किंचित वर दिसते. दोन पट्ट्या दिसल्या तर पेशींत घालायचा डीएनए कमी करा.

पेशींच्या संदेशवहनात हा गोंधळ जास्त घातक, कारण तिथे तो निष्कर्ष म्हणून खपतो. मॅव्ह्ज हे प्रथिन एरवी विषाणूचा आरएनए ओळखला गेल्यावर कामाला लागतं. नुसतं भरमसाट बनवलं तरी इंटरफेरॉन-बीटा या विषाणूविरोधी प्रथिनाचा प्रमोटर चालू होतो. जी३बीपी१ वाढवलं की कुठलाही ताण नसताना स्ट्रेस ग्रॅन्यूल (ताणात पेशीत जमणारे आरएनए-प्रथिनांचे कण) दिसू लागतात. केएसआर१ उलटं वागतं. ते राफ, मेक आणि अर्क या संदेश पुढे देणाऱ्या प्रथिनांना एकत्र आणतं. थोडं वाढवलं तर संदेश वाढतो, फार वाढवलं तर घटतो. मुलगा आणि मुलगी, दोन्ही स्थळं एकाच मध्यस्थाकडे असतील तर लग्न जुळतं. मध्यस्थच फार झाले की स्थळं विखुरतात.

प्रमाणाने वागणं बदलणं हा केवळ प्रयोगातला दोष नव्हे. हर-टू हा ग्राही (पेशीच्या पटलावरचं, संदेश टिपणारं प्रथिन) सामान्य पेशीवर सुमारे 20 हजार असतो. जनुकाच्या प्रती वाढलेल्या स्तनाच्या कर्करोगात 20 लाखांपर्यंत जातो. त्याला बाहेरून जुळणारा संदेशक माहीत नाही, पण पटलावर इतकी दाटी झाली की ग्राही आपसांत जोड्या करून वाढीचा संदेश चालू ठेवतात.

मग करायचं काय? 24 खणांच्या प्लेटमध्ये खणाला सहसा 500 नॅनोग्रॅम डीएनए घालतात. त्याऐवजी 50, 100, 250 आणि 500 अशी मालिका लावा. उरलेली भर रिकाम्या प्लास्मिडची (जनुक न घातलेल्या वर्तुळाकार डीएनएची) घाला, नाहीतर डीएनए पेशीत नेणारं लिपिड आणि डीएनए यांचं प्रमाणही बदलेल आणि फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. 48 तासांऐवजी 16 ते 24 तासांनी पाहा. नजर सर्वांत चमकदार पेशीकडे जाते. तीच सर्वांत कमी विश्वासाची. मंद पेशी शोधा, एक्स्पोजर एकदा ठरवून सगळ्या खणांना तेच ठेवा. पटलावरच्या प्रथिनांसाठी ए२०६के बदल असलेलं, जोड्या न करणारं जीएफपी वापरा. तरीही शंका असेल तर पीजीकेसारखा सौम्य प्रमोटर किंवा डॉक्सिसायक्लिन या औषधाने चालू होणारी रचना घ्या. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने मूळ जनुकालाच टॅग (जीएफपीसारखी खूण) जोडणं सर्वांत चांगलं, पण वेळ लागतो. तोवर ट्रान्सफेक्शन न केलेल्या (बाहेरून डीएनए न घातलेल्या) पेशींत अँटिबॉडीने मूळ प्रथिन कुठे दिसतं ते बघा, आणि शेजारी त्या प्रथिनाच्या नॉकआउट (जनुक बंद केल्याने ते प्रथिन नसलेल्या) पेशी ठेवा. तिथेही रंग दिसला तर ती अँटिबॉडी बाद.