धक्क्यावरून गळ टाकताना: एका भरतीचा वृत्तांत

या खेपेला सुट्टी कधी मिळते हे बघायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. दुपारी पूर्ण ओहोटी, दिवस मावळताना पाणी जोरात चढतंय आणि अंधार पडल्यावर भरती पूर्ण, असा दिवस हवा होता. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे असे सोयीचे दिवस पंधरवड्यात मोजकेच सापडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं धावतं की लाईनला लावलेलं शिशाचं वजन तळाशी टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते फारच सुस्त. आम्ही या दोन्हींच्या मधला दिवस धरला.

सोबत मेहुणा होता. त्याला हा सगळा हिशेब म्हणजे माझी जुनी खोड वाटते. "दाजी, मासे काय वेळापत्रक वाचून येतात का?" असं त्याने गाडीत दोनदा तरी विचारलं. मासे वेळापत्रक वाचत नाहीत, पण पाणी हललं की त्यांचं खाणं हलतं, आणि खाण्यामागे ते येतात. दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यावर पाणी चढायला सहा तासांच्या आसपास लागतात, पण ते सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब असा: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी भरतं. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने हे दोन तास साधावेत, बाकी वेळ घरी झोपलं तरी फारसं बिघडत नाही.

आम्ही मात्र ओहोटीलाच पोचलो, आणि ते मुद्दाम. पाणी उतरलेलं असताना धक्क्याचं पोट उघडं पडतं. खांबांवर कालवं आणि बार्नॅकलचा, म्हणजे चिकटून राहणाऱ्या बारीक कवचवाल्या जीवांचा, खरखरीत थर असतो, त्यात बोटाच्या पेराएवढे खेकडे लपलेले असतात. कुठल्या खांबावर हा थर जाड आहे, कुठे तळाशी दगड पडलेत, कुठे वाळूत घळ झाली आहे, कुठे जुना दोर लोंबतोय, हे सगळं तेव्हाच दिसतं. मी मोबाईलवर फोटो काढून ठेवले आणि कठड्याच्या कुठल्या खुणेखाली काय आहे ते लिहून घेतलं. चार तासांनी वरून नुसतं गढूळ पाणी दिसणार असतं. पोलराइज्ड चष्मा असेल तर न्या, पाण्यावरची चकाकी कापली जाते.

धक्क्यावर तोवर बरीच मंडळी जमली होती आणि बहुतेकांचा एकच खेळ चालला होता: जोर लावून जितकं लांब जाईल तितकं लांब फेकायचं. धक्का बांधलेलाच असतो खोल पाण्यात नेण्यासाठी. त्याच्या खांबांमध्ये माशांना आडोसा मिळतो, सावली मिळते आणि भिंतीला चिकटलेलं खाणं मिळतं. तिथून आमिष सत्तर-ऐंशी मीटर लांब उघड्या वाळूवर नेऊन टाकायचं, यात मला काही अर्थ दिसत नाही. धक्क्याच्या टोकाला उभं राहून वरच्या पाण्यातून थव्याने जाणाऱ्या बांगड्यासारख्या माशांवर लांब फेकणं वेगळं, तिथे ते हवंच. पण ज्याला धक्क्यावरून हमखास काहीतरी न्यायचं आहे त्याने आमिष पायाखाली सोडावं. मला या सगळ्या वृत्तांतात एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

पायाखाली म्हणजे नेमकं कुठे, यालाही एक पद्धत आहे. कठड्यावरून वाळलेल्या शेवाळाचा तुकडा किंवा पान पाण्यात टाका आणि ते कुठे वाहतं ते बघा. धक्क्याच्या ज्या बाजूने पाणी बाहेर निघतं, त्या बाजूला उभं राहायचं. खांबाच्या मागे पाणी थोडं थबकतं, छोटा भोवरा होतो, आणि मासे तिथे कमी श्रमात उभे राहून वाहत येणाऱ्या घासाची वाट बघतात. या बाजूने आमिष सोडलं तर ते खांबात गुरफटत नाही, आणि मासा लागल्यावर प्रवाह त्याला खांबांपासून बाहेर ढकलायला मदत करतो. उलट बाजूने टाकलं तर मासा आणि प्रवाह दोघे मिळून तुमची लाईन कालवांवर घासणार, आणि धाग्यांचा गोफ विणून केलेली बारीक लाईन तिथे क्षणात तुटते. म्हणून लीडर, म्हणजे गळाजवळचा शेवटचा दीड-दोन फुटांचा तुकडा, जाड हवा, तीस पौंडांच्या घरात ताण सोसणारा. मुख्य लाईन पंधरा-वीस पौंडांची पुरते.

जोडणी साधीच होती: लाईनवर सरकणारं शिसं, एक मणी, स्विव्हल (लाईनला पीळ पडू न देणारी फिरती कडी), लीडर, एक गळ. शिसं सरकतं असलं की मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही. शिशाचं वजन पाण्याप्रमाणे बदलायचं, आमिष तळाजवळ जेमतेम टिकेल इतकंच. दगडी तळाला गोल किंवा पेरूसारखं शिसं कमी अडकतं, वाळूत पिरॅमिडच्या आकाराचं रुतून बसतं. गळ ४ नंबरचा घेतला. लोक गळ नेहमी एक-दोन मापं मोठा लावतात. लहान गळाला मोठा मासा लागतो, मोठ्या गळाला लहान तोंडाचा मासा फक्त कुरतडून जातो.

आमिषाला मी बाकी कशाहीपेक्षा जास्त वेळ देतो. कोळंबीचं डोकं मुरगळून काढायचं, कवच सोलायचं, शेपटीकडून गळ आत घालायचा आणि तिच्या वाकाबरोबर पुढे सरकवत टोक पोटातून बाहेर काढायचं. टोक उघडं राहिलंच पाहिजे, मांसात दडलेलं टोक माशाच्या जबड्यात शिरत नाही. गळाच्या टोकावर शेवटी माकुलाची बोटभर लांब, अगदी अरुंद पट्टी एकाच टोकाला टोचून मोकळी सोडली. माकूल चिवट असतं. बारीक मासे कोळंबी लुटून गेले तरी पट्टी फडफडत राहते आणि गळ रिकामा पडत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी आमिष बदलायचं, कुणी शिवलं नसलं तरी. पाण्यात धुऊन पांढरं पडलेल्या तुकड्याला वासच उरत नाही. आमिषाचा डबा बर्फावर, झाकून. उन्हात मऊ पडलेली कोळंबी गळावर टिकत नाही.

जाळीदार पिशवीत तारल्यांचा चुरा भरून ती दोरीने पाण्यात सोडली होती, आपल्या जागेच्या जरा वरच्या अंगाला. अधूनमधून दोरीला हिसका दिला की थोडा थोडा चुरा वाहत येतो. फार भरू नये, नाहीतर मासे त्यावरच पोट भरतात.

पहिला तास-दीड तास नुसते टकटक चावे. मेहुणा वैतागून लांब फेकायच्या बेतात होता. मग पाणी खरंच धावायला लागलं, खांबांमागे भोवरे दिसायला लागले, आणि त्याच्या रॉडचं टोक सरळ खाली गेलं. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, असेल तर इथे झटका द्यायचा नाही. फक्त रील फिरवत ताण वाढवायचा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात वळतो. ड्रॅग, म्हणजे किती ताणाला लाईन सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, आधीच लावून ठेवला होता, लाईनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर. मासा एकदा खांबाकडे वळला, प्रवाहाने त्याला बाहेर लोटलं.

पुढचा टप्पा वर आणण्याचा, आणि धक्क्यावर सर्वांत जास्त मासे इथेच सुटतात. पाण्यात माशाचं वजन जाणवत नाही, हवेत आला की सगळा भार गळावर आणि फाटलेल्या ओठावर येतो. शेजारी एक काका बसले होते. ते आपली दोरीची गोल जाळी घेऊन आले आणि मेहुण्याला म्हणाले, "उचलू नकोस रे बाळा. आधी जाळी खाली जाऊ दे, मग मासा तिच्यावर आण." तसंच झालं. जाळी पाण्याखाली गेली, मासा डोक्याच्या बाजूने तिच्यावर ओढला, काकांनी दोरी उचलली. किलोभराची तांबोशी. धक्का उंच असेल तर अशी जाळी नेल्याशिवाय जाऊच नका, हाताच्या दांड्याची जाळी तिथे पोचत नाही.

पुढच्या तासाभरात आणखी काही आल्या, लहान होत्या त्या परत सोडल्या. सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो. एक केंड, म्हणजे अंग फुगवणारा विषारी मासा, तोही लागला. त्याला हात न लावता लीडर कापला. केंडाचं विष शिजवून जात नाही, तेव्हा कुणी काहीही सांगो, तो पिशवीत जाता कामा नये. शेंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांवर एकेक काटा असतो, पक्कड लावूनच सोडवा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवला की कळ कमी होते, आणि नंतर डॉक्टरकडे जायचंच.

भरती पूर्ण झाली आणि चावे थांबले. त्या वेळात नवे लीडर बांधले, बोथट गळ बदलले. पाणी उलटं फिरल्यावर आम्ही सामान उचलून धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो, कारण आता पाणी तिकडून बाहेर निघत होतं. बाकीचे तिथेच बसून राहिले आणि त्यांच्या लाईनी एकेक करून खांबात अडकल्या.

अंधारात दिव्याखालचं पाणी बघायचं. उजेडात बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे छोटे मासे, आणि मोठे शिकारी उजेड-अंधाराच्या सीमेवर अंधाराच्या बाजूने उभे असतात. उजेडाच्या मधोमध टाकू नका. सीमेला समांतर फेकून आमिष तिच्या कडेने आणा. डोक्यावरचा टॉर्च पाण्यावर मारू नये, गळ बांधताना तेवढा लावावा. ओहोटी लागल्यावरचा पहिला तास आम्हाला याच पट्ट्यात चांगला गेला.

विजा दिसल्या की आवरतं घ्या, कार्बनचा रॉड उंच धरून उघड्या धक्क्यावर उभं राहण्यासारखं धोक्याचं काही नाही. फेकण्याआधी दर वेळी मागे बघा, धक्क्यावर पोरं पळत असतात. तुटलेली लाईन खिशात, पाण्यात नाही. पक्ष्यांच्या पायात ती गुंतते. आणि तिथे गळ टाकायला परवानगी आहे का, कुठल्या मापाखालचा मासा ठेवता येत नाही, हे जायच्या आधी विचारून घ्या.

मासा मेल्याबरोबर बर्फ आणि थोडं समुद्राचं पाणी यांच्या मिश्रणात बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा तो त्यात लवकर गार होतो. बांगड्याच्या जातीचे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन हा बाधा करणारा पदार्थ तयार होतो आणि तोही शिजवून जात नाही. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत जातं. धुताना ड्रॅग घट्ट ठेवा, वाळल्यावर सैल करा.