सुंभ, पीळ आणि टाचेतला खिळा

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. परड्यात जुन्या छपराचे वासे उतरवून ठेवलेत, त्यातला एक खिळा चपलेतनं आरपार थेट टाचेत. आत्या धावत आली, हळद दाबली आणि म्हणाली, "धनुर्वात होईल, आधी इंजेक्शन घेऊन ये." मी उगाच शहाणपणा केला की आत्या, गंजामुळे नाही होत गं, मातीतल्या जंतूमुळे होतो. तर म्हणे, "मग खिळ्याची माती काय तू पुसून घेतली होतीस?" विषय संपला.

आरोग्य केंद्रात लाईनीत बसलो होतो तेव्हा मला माझी एमएस्सीची एक बिघडलेली जेल आठवली (जेल म्हणजे प्रोटीन्स वजनाप्रमाणे वेगळी करायची जेलीसारखी पातळ पाटी). ती आणि धनुर्वात यांचा संबंध थेट आहे म्हणून हे लिहायला घेतलं, कुणी वाचेल न वाचेल.

तर पेशीच्या आत माल इकडून तिकडे जातो तो पिशव्यांमधून. मज्जातंतूच्या टोकाशी या पिशव्या साधारण ४० नॅनोमीटरच्या असतात, आत निरोपाचं रसायन भरलेलं. निरोप द्यायचा म्हणजे पिशवी पेशीच्या आवरणाला चिकटून एकजीव व्हायला हवी आणि इथेच खरी गोची आहे, कारण पिशवीचं आणि पेशीचं अशी ही दोन आवरणं, म्हणजे पटलं, आपणहून एकमेकांजवळ येतच नाहीत, मधे पाण्याचा थर असतो, तो हटवायला जोर लागतो. हा जोर लावणाऱ्या प्रोटीन्सना स्नेअर म्हणतात. पिशवीवर सिनॅप्टोब्रेव्हिन, समोरच्या आवरणावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. या सगळ्या वाहतुकीच्या कामासाठी २०१३ चं नोबेल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना मिळालं.

आता मजा बघा. शाळेपासून आपल्याला कुलूप-किल्ली शिकवतात, प्रोटीनचा आकार पक्का, त्यात दुसरं बरोब्बर बसतं वगैरे. सिनॅप्टोब्रेव्हिन एकटं असताना त्याला आकारच नसतो! जेमतेम ११६ अमिनो आम्लांचं, एक टोक पिशवीत रुतलेलं आणि बाकीचं नुसतं लोंबतंय, सुट्या काथ्यासारखं. पुस्तकातल्या चित्रात मात्र ते कायम छान स्प्रिंगसारखं काढलेलं असतं, मला त्या चित्रांचा खरंच राग येतो. स्नॅप-२५ पण एकटं असताना बरंचसं ढिलंच. सिंटॅक्सिनचं वेगळं नाटक, त्याचा एक घडीव भाग स्वतःच्याच हातावर दुमडून बसतो, आणि तो हात सुटल्याशिवाय काम सुरू होत नाही.

पण तिघं भेटले की एकदम पीळ बसायला लागतो. सिनॅप्टोब्रेव्हिनचा एक पदर, सिंटॅक्सिनचा एक, स्नॅप-२५ चे दोन, असा चार पदरी दोर. १९९८ मध्ये याची स्फटिकावरून काढलेली रचना आली, सुमारे १२ नॅनोमीटर लांब, आत थरावर थर असे १६ थर, त्यातले जवळजवळ सगळे पाण्याला टाळणारे, फक्त मधोमध एक विजोड थर, तीन ग्लुटामिन आणि एक आर्जिनिन ही पाण्याशी जमणारी अमिनो आम्लं. पीळ सुरू होतो पटलांपासून लांबच्या टोकाला आणि सरकत येतो पटलांकडे, त्यामुळे दोन्ही पटलं आपोआप ओढली जातात. म्हणजे ढिलं असणं ही कमतरता नाहीये, तीच तर सोय आहे. आधीच ताठ असलेल्या काठीला पीळ कसा घालणार? लोंबतं म्हणून लांबून सापडतं, आणि वळताना जी ऊर्जा मोकळी होते त्यावर पिशवी खेचली जाते.

आता माझी जेल. मी हे तीन तुकडे बॅक्टेरियात बनवून, शुद्ध करून एकत्र केले होते आणि जेलवर टाकायच्या आधी नमुने ९५ अंशाला पाच मिनिटं उकळायचे असतात, म्हणजे सगळी प्रोटीन्स सुटी होऊन आपापल्या वजनाप्रमाणे पळतात. शेवटची बस गाठायची घाई, दोन ट्यूब उकळायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या दोन लेनमध्ये खालचा सिनॅप्टोब्रेव्हिनचा पट्टा जवळपास गायब आणि बराच वर एक नवीनच पट्टा! मला वाटलं नमुना खराब झाला, दोन आठवडे वाया. गाईडनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "उकळलं होतंस का?" तो वरचा पट्टा म्हणजे अख्खा दोर होता. जेलमधलं ते साबणासारखं एसडीएस बहुतेक प्रोटीन्सची वाट लावतं, पण हा पीळ त्यातही तसाच राहतो, उकळल्यावरच सुटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली. पेशीत अर्थात उकळायची सोय नाही, तिथे एनएसएफ नावाचं प्रोटीन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून हा पीळ उलगडतं, की पदर परत ढिले, परत कामाला.

आणि धनुर्वात? त्या जंतूचं विष म्हणजे जस्ताचा अणू पोटात धरलेली कात्री आहे, ती सिनॅप्टोब्रेव्हिन ७६ आणि ७७ नंबरच्या अमिनो आम्लांच्या मधे कापते. १९९२ ला इटलीत पादुआच्या लोकांनी सहकाऱ्यांसोबत हे दाखवलं. पण कात्रीला लांबलचक ढिला पदर हातात यावा लागतो. एकदा दोर वळला की ती त्याला काही करू शकत नाही! ज्या ढिलेपणावर सगळं चालतं तिथेच सुरी लागते.

बोटुलिनम हे दुसऱ्या एका जंतूचं विष, त्याचा बी प्रकार तर नेमकी हीच जागा कापतो, पण त्याने माणूस लुळा पडतो आणि धनुर्वाताने धनुष्यासारखा ताठतो. कात्री एकच, दुकान वेगळं. बोटुलिनम स्नायूपाशीच थांबतं, "आकस" हा निरोप बंद. धनुर्वाताचं विष मज्जातंतूतून उलटं चढत मेरुरज्जूत जातं आणि "थांब" सांगणाऱ्या पेशींत घुसतं, मग स्नायूला थांबवणारं कुणी उरतच नाही. बोटॉक्स हा ए प्रकार, तो स्नॅप-२५ च्या २०६ पैकी शेवटची फक्त ९ अमिनो आम्लं कापतो. नऊच! पण पीळ पटलाशी येऊन पुरा होतो तो याच टोकाला, शेवटचा वेढाच बसला नाही तर बाकी दोर असून काय उपयोग.

आत्याला घरी येऊन हे सगळं सांगितलं नाही. एक मात्र सांगितलं, की धनुर्वातातनं वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते, कारण जीव घ्यायला पुरेल इतकं विषसुद्धा शरीराला ओळख पटवून द्यायला कमी पडतं. ती म्हणाली, "म्हणजे टोचून आलास ना?"

आलो. दंड दोन दिवस दुखत होता.